जांभळा दाणा

४ मार्च, लातूर
आले एकदाची! एमआयडीसीतल्या खाजगी बियाणे प्रयोगशाळेत आज रुजू झाले. घरातली मी पहिलीच पगारवाली, म्हणून चाकूरहून येताना एसटीत उगाच ताठ बसले होते. काम झकास आहे. सोयाबीनचे चारशे दाणे ओल्या टीपकागदावर मांडायचे आणि सात दिवसांनी भिंगाखाली बघायचे. स्वच्छ दाण्याला शून्य, अर्ध्याहून जास्त डागाळलेल्याला पाच. आमचे प्रमुख संगमेश्वर सर म्हणाले, आकडा डोळ्यांनी ठरव, मनानं नको. चार आणि पाचचे दाणे लगेच चिमट्याने बाहेर काढायचे, नाहीतर त्यांचे पांढरे तंतू शेजारच्या दाण्यांत शिरतात.

९ मार्च
एक लॉट भलताच आलाय. गर्द जांभळा, सकाळचा डाग दुपारी मोठा दिसतो. सरांनीही असली बुरशी पाहिलेली नाही. उद्या रविवार, मूठभर दाणे आण्णांना दाखवायला नेणार. सरांना विचारलं नाही. लेक काय काम करते ते कळू दे की त्यांना.

१० मार्च, चाकूर
शेतकऱ्याच्या तळहातावर दाणा ठेवला की तो दाताखाली जाणारच, हे मला सुचायला नको? मी नको म्हणेपर्यंत आण्णांनी फोडलासुद्धा. म्हणाले, "कट्टकन वाजला की वाळला. तुमची मशीन काय सांगती?" मग तोंड वाकडं करून थुंकले. आई आणि मी पोट धरून हसलो.

१४ मार्च
आईचा फोन आला. आण्णांच्या नखांवर जांभळे ठिपके. रजा टाकून आले. डॉक्टर म्हणाले, मुका मार असेल. मी भिंग लावलं. एक.

१६ मार्च
तीन. हिरड्याही जांभळ्या. सरांना फोन करून विचारलं, चारचा दाणा वाचवता येतो का. म्हणाले, तो वाचत नाही, शेजारचे वाचवायचे असतात. मला खूप भीती वाटतेय.

१७ मार्च
चार आहे. वहीत तीन लिहिलं. तीनला बाहेर काढावं लागत नाही. आण्णांना कळलं असावं. म्हणाले, "मला शेतात आखाड्यावरच्या खोपीत नेऊन टाक, पोरी. तुझ्या मायला लांब ठिव." तुम्हाला काही झालेलं नाही, असं मीच ठासून सांगितलं. देवा, हे बघवत नाही.

१८ मार्च
आजही तीनच लिहिलं. आई त्यांचा हात धरून बसलीय. उठत नाही, जेवत नाही—

१९ मार्च
चूक माझी. दाणा मी आणला, आकडा मी खोटा— आता आईला तरी उठवते.

१९ मार्च, दुपार
हात सुटत नाही. दोघांच्या बोटांमध्ये पांढरं, बारीक— ओढलं तर दोघंही कळवळली. कात्री आणली. आई म्हणाली, दुखत न्हाई गं, ठिव ती. आण्णा आता तिला लांब ठेव म्हणत नाहीत.

दोघं मला बोलावतायत. ये बाळा, इथं बस. एकाच वेळी, एकाच आवाजात. दार उघडंच आहे. मला पळता येईल. पण आई रिकामा हात पुढे करून—