सुई वेगळं सांगत होती

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

अनिरुद्धला कंपनीने घरी बसवलं! चौकशी संपेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. इतकी वर्षं कॅप्टन असलेला माझा मुलगा आज दुपारी कळंबच्या स्टँडवर बॅग घेऊन उतरला, एवढंसं तोंड करून.

जेवताना सांगितलं. आखातातून हैदराबादला येत होते, रात्रीचे. तिकडे लढाईमुळे कुणी कुणी उपग्रहाचे खोटे सिग्नल सोडतात. विमानाने ते खरे मानले. पडद्यावर विमान बरोबर वाटेवर, प्रत्यक्षात डोंगरांकडे सरकलेलं. खालून कंट्रोलवाला ओरडला — वर घ्या, वळा — म्हणून वाचले. पुढे तीन तास उडून सगळ्यांना सुखरूप उतरवलं.

आणि दोष माझ्या मुलाचा? खोटं बोललं यंत्र. ते बनवणाऱ्याला घरी बसवा.

५ नोव्हेंबर, बुधवार

हे म्हणाले, "जाऊ दे, जीव वाचले ना." यांचं सगळं आयुष्य जाऊ दे.

समोरच्या शिवरंजनीबाई साखर मागायच्या निमित्ताने आल्या. "पायलटची चूक म्हणतायत की हो." मी विचारलं, "पडदाच खोटं दाखवत असेल तर माणसानं काय खिडकी उघडून ढगांना रस्ता विचारायचा?" बाई साखर न घेताच गेल्या. बरं वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मी बी.एस्सी.ला होते तेव्हा एकाच मापावर विसंबलं की सर प्रयोग पुन्हा करायला लावत. म्हणून अनिरुद्धला विचारलं, विमानात दुसरं काहीच नसतं?

"असतं. जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनची दिशा दाखवणारी सुई. जुनी पद्धत. आता कोण बघतं?"

"कुणीच नाही?"

"सहवैमानिकाने बघायचं. तिचं कामच ते. चुकतंय असं दिसलं तर मला सांगायचं."

ही सहवैमानिक करिश्मा. उमरग्याची, वडिलांचे ट्रक आहेत. नोकरीला वर्षही झालेलं नाही. "काही बोललीच नाही," म्हणाला. "चौकशीत तेच येणार. जाईल तिची नोकरी."

एवढं शिकून, तिथे बसून, गप्प राहिली! संताप आला त्या मुलीचा. माझ्या वर्गात असती तर बाकावर उभी केली असती.

९ नोव्हेंबर, रविवार

सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला गेलो. अनिरुद्धने गाडी काढली, फोनवर मॅप लावला. परांड्याच्या पुढे मी म्हटलं, "डावीकडे घे." तो म्हणाला, "मॅप सरळ दाखवतोय." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हटलं, "अरे, फाटा मागे राहिला." तर म्हणतो, "आई, तू शांत बस ना जरा."

बसले शांत. रस्त्याची गाडीवाट झाली, दोन्ही बाजूंनी ऊस, आणि समोरून ट्रॅक्टर. वळायला जागा नाही.

"कुठं निघालाव, सायब?"

"देवाला."

"देव तर मागं ऱ्हायला. ह्यो रस्ता माझ्या हिरीपतूर हाय. पानी पिऊन जावा."

अनिरुद्ध हसत हसत गाडी मागे घेऊ लागला. म्हणाला, "तू पण अगदी करिश्मा आहेस. तिचंही त्या रात्री असंच चाललं होतं — सर, सुई वेगळं सांगतेय. सर, एकदा बघा ना."

"मग तू काय म्हणालास?"

"आत्ता तुला म्हणालो तेच."

त्याचं हसणं मध्येच थांबलं. देवळापाशी माकडाने हातातली पिशवी ओढून नेली, मी बघत उभी राहिले.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी अनिरुद्धला चहाही घेऊ दिला नाही. "विमानात आत बोललेलं रेकॉर्ड होतं ना?"

"शेवटचे दोन तासच राहतात. त्याआधीचं पुसलं जातं." आणि त्यानंतर हे तीन तास उडाले! म्हणजे ती बोलली होती हे दोघांनाच ठाऊक. आता आम्हालाही.

"आई, मी मुलगा आहे तुझा."

"म्हणून तर अजून घरात बोलतेय."

चिडला, उठला, गच्चीवर जाऊन बसला. संध्याकाळी खाली येऊन म्हणाला, "बुधवारी बोलावलंय. खरं ते सांगतो." हे म्हणाले, "झालं ना मग? आता त्याला जेवू दे."

यंत्र फसवलं गेलं, त्याला इलाज नव्हता. याला तर शेजारी बसलेलं माणूस सांगत होतं. दोनदा!

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहाटेच हैदराबादला गेला. फोन नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पेढे घेऊन आला. सोमवारपासून ड्यूटीवर.

"सांगितलंस?"

"गरजच पडली नाही. करिश्मानेच लिहून दिलंय — सुई माझ्या लक्षात आली नाही, मी काही बोलले नाही."

"आणि तिचं?"

"काढलं तिला." बुटांच्या नाड्या सोडता सोडता सांगितलं. यांनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

त्याच्याकडून तिचा नंबर घेतला. दिला, पण कुरकुरत. मागच्या अंगणात जाऊन फोन लावला. कोण ते सांगितलं आणि विचारलं, खोटं का लिहिलंस?

"काकू, सर म्हणाले, तू नवीन आहेस, समज देऊन सोडतील. पुढं मी सांभाळून घेतो. सरांवर विश्वास ठेवला."

"स्वतःची अक्कल वापरायची होती!"

"त्या रात्री वापरली होती की, काकू."

फोन कानाला तसाच धरून मी पायरीवर बसले. तीच म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चौकशी अधिकाऱ्यांना फोन लागला. त्यांनी नाव विचारलं, कॅप्टनशी नातं विचारलं. दोन्ही सांगितलं. मग रविवारी गाडीत तो जे बोलला ते शब्द न् शब्द सांगितलं. लेखी द्याल का, म्हणाले. देते म्हटलं.

अनिरुद्ध समोरच उभा होता. त्याच्यासमोरच बोलले.