गुरांची वाट

१२ नोव्हें. ८०, बुध.
हवाई फोटोंची पेटी आली एकदाची. गेल्या फेब्रुवारीत विमान फिरलं होतं, त्याचे. वर 'गोपनीय' शिक्का. काढताना सही, ठेवताना सही. जसं काही मी आष्टीकडची संत्री शत्रूला दाखवणार आहे. धरण व्हायचं की नाही ते वर ठरेल, पण कुठवर बुडेल ते आम्ही दाखवायचं. पाण्याची निळी रेघ ओढायची, रेघेच्या आत घर आलं तर भरीव चौकोन, गोठा आला तर पोकळ, विहीर गोल. बुडणाऱ्यांची यादी ह्यावरूनच होणार. नदीच्या वरच्या अंगाची गावं मी मागून घेतली. साहेबांना म्हणालो, तो मुलूख मला डोळे मिटून माहीत आहे. ताईचं सासर तिथं आहे हे काही बोललो नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
दोन फोटो शेजारी ठेवून भिंगातून पाहिलं की जमीन उठून उभी राहते. दहा वर्षं हे काम करतोय, तरी पहिल्यांदा छातीत धस्स होतंच. आज ताईचं गाव उठलं. मारुतीचं देऊळ, चावडी, तिच्या सासऱ्यांचं कवेलूचं, कौलारू घर. नदी मोठी सुरेख वळते तिथं, खालून कधी कळलं नाही. संत्र्यांची बाग ओळीनं टिकल्या लावल्यासारखी. नाल्याच्या काठी त्यांचं शेत, शेतात कोठा, म्हणजे गुरांचा गोठा. ताईच्या लग्नात वऱ्हाडाचे बैल तिथंच बांधले होते. कोठ्यापासून विहिरीपर्यंत बारीक पांढरी वाट. गुरांची. पोकळ चौकोन.

२२ नोव्हें., शनि.
रेघ पुरी झाली. अख्खं गाव आत. बागही, देऊळही. रेघ एकदाही खोडावी लागली नाही, याचंच वाईट वाटलं.
सुमन म्हणते, ताईंना चार ओळी लिहा, कोणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा. काय लिहू? 'तुझ्या दारावर निळी शाई मीच ओढली'? यंदाही भाऊबीजेला गेलो नाही. साडी पोस्टानं धाडली. भाऊजी गेले त्याला तीन वर्षं झाली. तेरवीच्या दिवशी तिनं एवढंच विचारलं होतं, बापू, तुह्या वर्ध्याच्या घरी ओसरीवर जागा होईन का. मी म्हणालो, पाहतो.
पाहतोच आहे.

३ डिसें., बुध.
नकाशा सही करून दिला. यादी चावडीवर लागेल.

१८ डिसें., गुरु.
ताईचं कार्ड. चौथीतलं तेच गोल अक्षर. 'यादीत सर्वायची घरं हाये. माह्यं नाई. ज्याचं घर नाई त्याले नव्या गावात प्लाट नाई, असं तलाठी म्हणते. तू त्याच हापिसात हाय म्हणून पुसते. लेकरं बरी हाये ना.'
तिचं वेगळं घर कुठून आलं? सासऱ्यांचं घर तर मी दाखवलंय. काहीतरी घोळ आहे. रविवारी जातो.

२१ डिसें., रवि.
परत आलो. लिहवत नाही, पण लिहितो.
घरी गेलो तर तिच्या जावेनं बसायलाही म्हटलं नाही. 'ते शेतात रायते.' कवापासून? 'तेरवी झाली तवापासून.' अन् माझी कार्डं, साड्या, सगळं ह्याच पत्त्यावर. हे लोक पोचवून देत होते म्हणे.
कोठा. अर्ध्यात दोन बकऱ्या, अर्ध्यात ताई. भिंतीला पांढरी माती, दारात डब्यात तुळस. केस निम्मे पांढरे झालेत. मला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला, मी पाहुणा असल्यासारखा.
'तुले मालूम नोतं?'
'नाई.'
'मले वाटे तुले मालूम हाय, म्हणून येत नाई.'
चहा केला. पाणी आणायला घागर घेऊन निघाली ती त्याच वाटेनं. मी मागं मागं. पायाखाली घट्ट झालेली वाट. दोन बकऱ्यांनी होते का अशी?
शेवटी सांगितलं. विमानातून फोटो काढले, त्यात तुझं शेत, हा कोठा, सगळं मी पाहिलं. कोठा म्हणूनच लिहिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'वरून पाह्यलं, मंग खाली काऊन नाई आला?'
मी कपबशी विसळून ठेवली अन् निघालो.

२२ डिसें., सोम.
सही करून तोच फोटो काढला. कोठ्यापुढं फिक्कट चौकोन आहे. झाडलेलं, सारवलेलं अंगण. गुरं अंगण झाडत नाहीत. नवखा माणूस असता तर शंका आली असती, गावात जाऊन विचारून आला असता. मला माहीत होतं ना सगळं!
अंगणात एक ठिपका आहे. बाई असेल. बकरीही असू शकेल. दुपारभर पाहिलं, ठरत नाही.

२४ डिसें., बुध.
साहेबांना सांगितलं, एक घर सुटलं. बहिणीचं आहे हे जिभेवर आलं अन् परत गेलं. साहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, यादी लागली की लोक एका दिवसात झोपडी उभी करतात, प्लॉटसाठी. पंचनामा करू. बाई जुनी रहिवासी निघाली तर नाव चढेल, पण तुमचा खुलासा मागवतील. तुमची बढती अडकेल. अन् तिथं तुमचं कोणी नात्यातलं नाही ना?
मी म्हणालो, नाही.
का म्हणालो? पन्नाशीला आलेला घोडा मी.

७ जाने. ८१, बुध.
पंचनामा. साहेब, तलाठी, मागं टेप धरून मी. ताई दारात उभी. ओळख दाखवली नाही. मी दाखवली नाही म्हणून तिनंही नाही.
साहेब तिच्यासमोरच तलाठ्याला म्हणाले, आमच्या ह्या ड्राफ्ट्समननं चूक केली का तेवढं पाहू, मग त्याचं काय करायचं ते वरचे ठरवतील. ताईनं ऐकलं. माझ्याकडं पाहिलं, एकदाच.
तलाठ्यानं विचारलं, 'बाई, इथं कोन रायते?'
'कोनी नाई. ढोरायचा कोठा हाये. मी गावात रायते, देराकडं.'
आत चूल पेटली होती. धूर कवेलूतून निघत होता. साहेबांनी धुराकडं पाहिलं, मग तिच्याकडं, मग म्हणाले, लिहा.
मी टेपचं टोक धरून उभा. तिनं सही केली. जाताना मी मागं राहिलो तर हळूच म्हणाली, 'तुले दोन पोरी उजवाच्या हाये. माह्यं काय, एकटा जीव. जा.'

८ जाने., गुरु.
सुमनला सगळं सांगितलं. म्हणाली, ताईंना घेऊन या. मी म्हटलं, येणार नाही ती आता. तिनं ओसरीवर जागा मागितली होती, मी विचारायला तीन वर्षं लावली.

९ जाने., शुक्र., ऑफिसात, जेवणाची सुट्टी.
पंचनामा माझ्या टेबलावर. खाली मी लिहायचंय, 'नकाशा बरोबर आहे', अन् सही. तीन वाजता साहेब कागद घेऊन नागपूरला निघतात. दुसऱ्या कागदावर खरं काय ते लिहून काढलंय: सदर कोठ्यात माझी सख्खी बहीण तीन वर्षांपासून राहते. हा दिला तर तिनं सरकारी कागदावर खोटं सांगितलं असं होईल. पहिला दिला तर पाणी चढेल तेव्हा तिचं नाव कुठंच नसेल.
आत्ता पंचनामा नीट वाचला. काल हिंमत झाली नव्हती. मजकुरात तलाठ्यानं तिचं सासरचं नाव घातलंय. सही मात्र ताईची. चौथीनंतर तिला कोणी कुठं सही करायला लावलीच नसेल. गोल अक्षरात, सावकाश, शाळेत शिकवली तशी केली आहे: वत्सला महादेव ढोले.
साहेबांच्या लक्षात आलेलं नाही अजून. त्याच्याच खाली मला लिहायचंय, प्रभाकर महादेव ढोले.
अडीच वाजले.