पाचवी सही

दम्माम, ९ जानेवारी २०२५

चि. आसावरीस कमलाकरकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ईमेलवर एवढं लांब पत्र कोण लिहितं, म्हणून हसू नकोस. दोन ओळींच्या मेसेजमध्ये माझा घसासुद्धा मोकळा होत नाही.

१७ तारखेच्या शुक्रवारी इथल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान आहे, ‘अन्यायापुढे न झुकलेला माणूस’. माणूस म्हणजे माझे आजोबा, तुझे पणजोबा. १९१२ साली ते तिकडे परदेशात, तुझ्याच विद्यापीठात होते. वसतिगृहाने एका काळ्या विद्यार्थ्याला हाकललं, आणि निषेध म्हणून आजोबा ट्रंक उचलून बाहेर पडले! तीस वर्षं मी हे गर्जून सांगतो आहे. तुझी सुनेत्राकाकू म्हणते, दर भाषणात ट्रंक जड होत चालली आहे. तू तिथे इतिहासच शिकतेस, तर जुन्या दप्तरातून एखादा कागद काढ. पडद्यावर दाखवू.

यंदा हॉल लहान आहे. ‘फक्त कुटुंबांसाठी’ असा नियम कमिटीने केला, अध्यक्ष म्हणून मी सही केली. कामगारांच्या कॅम्पातला वेल्डर मुस्तफा, रत्नागिरीचा, दरवर्षी पहिल्या रांगेत असतो. त्याचे तीन फोन आले. पण एकटे पुरुष आले की बायका अवघडतात म्हणे. शिस्त हवीच.

थंडीत कान झाकत जा. कागद पाठव, रागावलीस तरी पाठव.

तुझा काका

१४ जानेवारी २०२५

ती. काकांस आसावरीचा सा. न.

कागद मिळाला. फोटो सोबत आहे, पण बसून बघा.

तो अर्ज आहे. अकरा विद्यार्थ्यांनी मागणी केली, की त्या काळ्या मुलाला वसतिगृहातून काढावं. पाचवी सही पणजोबांची. खाली त्यांच्या हातची ओळ आहे, की मी उच्च कुळातला आहे, आमच्या देशातही अशांच्या पंक्तीला आम्ही बसत नाही. मुलाला जावं लागलं. सहा महिन्यांनी उरलेल्या दहा जणांनी दुसरा अर्ज केला, पणजोबांना काढण्यासाठी. ट्रंक त्यांनी उचलली हे खरं आहे, काका. निषेध तेवढा आपण मागून जोडला.

शुक्रवारी काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मुस्तफाबद्दलचा परिच्छेद मी दोनदा वाचला. लहान तोंडी मोठा घास नको, म्हणून थांबते.

काकूला नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

आसावरी

दम्माम, १९ जानेवारी २०२५

चि. आसावरीस आशीर्वाद. ते देण्याचा अधिकार मला उरला आहे का, ठाऊक नाही.

शुक्रवारी मी अर्ज पडद्यावर लावला आणि खरं ते सगळं सांगितलं. असा मी आयुष्यात बोललो नव्हतो. लोक रडले, उठून उभे राहिले, मीही डोळे पुसले. टाळ्या चालू असताना दारावरच्या ‘फक्त कुटुंबांसाठी’ या सूचनेकडे लक्ष गेलं. खाली माझी सही होती. तिच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. मेलेल्या आजोबांची चूक सांगायला काय धाडस लागतं? ते थोडेच उठून माझी चूक सांगणार होते!

काल कमिटीला सही मागे घेतल्याचं लिहून दिलं. उपाध्यक्षांनी लगेच आपली केली. नियम आहे तिथेच आहे.

मग कॅम्पावर गेलो. मुस्तफाने आपली खाट झटकून मला बसवलं, चहा आणला. मी माफी मागायच्या आत म्हणाला, की साहेब, त्या दिवशी मला ओव्हरटाइमच होता, यायला जमलंच नसतं. त्याच्या खोलीतल्या सोबत्याने पटकन मान खाली घातली. खोटं होतं ते. माझी लाज तो झाकत होता, आणि मी ती झाकू दिली.

मग त्याने व्याख्यान ऐकवा म्हटलं. खाटेवर बसून, आवाज न चढवता, अर्जासकट सांगितलं. सूचनेवरची सहीही सांगितली. मग त्याने विचारलं, की त्या पोराचं नाव काय होतं?

आसावरी, तीस वर्षं बोललो, आणि मला ते माहीत नाही. तुझ्या पत्रातही नाही. फोटो मोठा करून पाहिला. अकरा सह्या स्पष्ट वाचता येतात, त्याचा उल्लेख फक्त ‘तो विद्यार्थी’ असा आहे.

पुन्हा दप्तरात जा. मुस्तफाला मी कळवतो म्हणालो आहे.

काका