आजीची पातेली

भाईंदर पूर्व,
रविवार

ती. बाबांना,
पिंकीचा वाकून नमस्कार. गुडघ्याला तेल लावता ना? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय.

आजीचं वर्षश्राद्ध छान झालं. तुम्ही सांगितलंत तसं बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं होतं, की आजीची नेलेली पातेली परत द्या, गावी पाठवायचीत. आपली नऊ होती. बाबा, चौदा आली! पाच नवीकोरी, पण प्रत्येकावर नाव आजीचंच घातलेलं! तळमजल्यावरच्या जिग्नाबेन म्हणाल्या, "चालीस साल बा ने किसी को किराये का बर्तन लाने नहीं दिया. अब हमारी तरफ से."

आणि भांडं रिकामं परत करायचं नाही, हा आजीचा नियम कोणी मोडला नाही. कोणी ढोकळा आणला, कोणी शिरा. आपल्याच बिल्डिंगमधल्या, मूळच्या उत्तन कोळीवाड्याच्या फिलोमिनाबाईंनी तर पातेलंभर सुकट आणली, श्राद्धाच्या दिवशी! गुरुजी बघतच राहिले. आजीने आधी तीच खाल्ली असती.

जेवणं उरकतायत तोच वरची स्वाती आली. "शनिवारी बाळाचं बारसं आहे, मोठं पातेलं नेऊ?" मी तुम्हाला न विचारताच हो म्हटलं. रागावू नका. भांडी इथेच राहू देत.

तुम्ही रोज विचारता, "जेवलीस का?" मी हो म्हणते. एकटी जेवते, हे सांगत नव्हते. आजी गेल्यापासून आज पहिल्यांदा घरात पंगत बसली.

आईला जपा.

तुमचीच,
पिंकी