निळ्या बाहीचा हात

प्रिय निएवेस,

तुझं नाव नीट बघ. या वेळी बरोबर लिहिलंय. कसं, ते पुढे सांगतो.

औषधं वेळेवर घेतेस ना? गार पाणी पिऊ नकोस. तुझी बहीण एमेलिना उद्या हवानाला निघाली आहे, तिच्याबरोबर हे पत्र आणि थोडे मालांगाचे कंद देतोय. मऊ उकडून, ठेचून खा, गिळायला त्रास नाही. नर्सशी गप्पा मारत बसू नकोस, हवं ते खुणेने माग. कोंबड्या ठीक आहेत. मी ठीक नाही.

तू जाताना बजावलंस, आपला कॉम्प्युटर टकटक वाजायला लागलाय, तो बसायच्या आत माझी गाणी बाल्दोमेरोच्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेव. आख्ख्या बायामोत दुसरा कुणी मिळाला नाही तुला? लग्नाआधी तुझ्या खिडकीखाली गिटार वाजवत उभा राहायचा, तोच? पण तुझा सगळा आवाज त्या एका खोक्यात, म्हणून दात-ओठ खात भिंतीपलीकडे हाक मारली. गडी दाढी करून आला! इस्त्रीचा निळा शर्ट, अंगाला कोलोन, खांद्यावर वायरचं वेटोळं. "घाबरू नकोस रे फर्मिन, तुझी बायको नाही नेत, नुसता आवाज नेतोय." वर हसला.

आंब्याच्या फांदीवरून वायर ओढली. मग म्हणाला, दोन्ही कॉम्प्युटरना एकाच गटाचं नाव द्यायचं, नाहीतर ते एकमेकांना ओळख देत नाहीत. नाव काय? म्हणे, "निएवेस." मी म्हटलं, "माझ्या बायकोचं नाव तुझ्या घरात कशाला?" "मग काय फर्मिन देऊ? तुला कोण ओळख देतंय!" शेवटी तुझंच नाव. त्याने त्याच्या घरी टाइप केलं, मी आपल्या घरी. आणि सगळी सकाळ दोन्ही यंत्रं परक्यासारखी बसून. वायर काढली, घातली, फुंकर मारली. मग तो इकडे आला, आपल्या पडद्यासमोर वाकला आणि हळूच म्हणाला, "अरे बाबा, तिच्या नावात ब नाही, व आहे."

आपल्या स्पॅनिशमध्ये दोन्ही अक्षरं तोंडात सारखीच वाजतात, तिसरीत शाळा सुटलेल्याला काय कळणार? लग्नापासून मी तुला ब घालूनच लिहीत आलो आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस. पण त्याला व माहीत! कसा माहीत, निएवेस? कधी लिहायचा तो तुला?

अक्षर बदललं आणि दोन्ही यंत्रं एकमेकांना दिसली. मग तुझ्या गाण्यांच्या फोल्डरखाली एक हात उगवला. चित्रातला, पण हातच. फोल्डर तळव्यावर धरलेला आणि बाही निळी. मी विचारलं, "हा कुणाचा हात?" म्हणे, "शेअर केल्याची खूण आहे ती, येड्या." मी त्याच्या शर्टाकडे बघितलं. तोच निळा. मी कोयता घेऊन वायरपाशी गेलो होतो, खोटं नाही सांगत. पण गाणी एकेक करून भिंतीपलीकडे चालली होती, मध्येच तोडलं असतं तर अर्धी तुटली असती. जाऊ दिली. बरं झालं. दुसऱ्याच दिवशी वीज गेली, आली, आणि आपलं खोकं काही उठलं नाही.

आता तुला ऐकायचं तर त्याच्या घरी. त्याच्या झुलत्या खुर्चीत बसून, त्याची कॉफी पीत स्वतःच्या बायकोला ऐकायचं. तो डोळे मिटून ऐकतो, ते मला बघवत नाही. पण शेवटचं गाणं आठवतं का? सूर संपतो न संपतो तोच तू ओरडतेस, "फर्मिन, दार लाव रे मेल्या, कोंबडी आत आली!" तेवढंच मी पुन्हा पुन्हा लावायला सांगतो. तो वैतागतो, "एवढं गोड गाणं सोडून शिव्या कसल्या ऐकतोस?" गाणी सगळ्या गावाने ऐकली. शिवी फक्त माझी. परवा ते ऐकून तो म्हणाला, "माझं नाव कुठेच नाही गं बाई." तू समोर असल्यासारखा बोलला. मला बरं वाटलं, म्हातारे. फार बरं वाटलं.

पण पत्र त्यासाठी नाही. एमेलिनाने काल सांगितलं मला. ऑपरेशनमध्ये घशातली गाठ निघेल, पण आवाज परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी तुला आधीच सांगितलंय. तिला बोललीस, मला नाही. मला नुसतं म्हणालीस, गाणी सांभाळ. तेव्हा वर जे लिहिलं, बोलू नकोस म्हणून, ते सोडून दे. आत नेण्याआधी एकदा फोन कर. समोर राहणाऱ्या काचिताच्या फोनवर कर, बाल्दोमेरोकडे नको. मी तिच्या दारातच बसून राहीन. गाऊ नकोस, घसा दुखेल. माझं नाव घे आणि एक शिवी दे, बस. ती मी कुठल्या यंत्रात ठेवणार नाही. माझ्या कानात राहील, आणि तिच्याखाली दुसऱ्या कुणाचा हात नसेल.

तुझाच, दार लावून बसलेला,
फर्मिन