उलटे आटे

६ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या भाच्यानं फोनवर तुम्हाला सगळं सांगितलंच असेल, आणि त्याच्या पद्धतीनं सांगितलं असेल. म्हणून माझ्या पद्धतीनं लिहिते.

स्वयंपाकघरातलं सिंक गळतंय. सिंकच्या भोकात जे पितळी कपलिंग असतं त्याला खालून दोन नट आहेत. धाकटा नट पाइप धरून ठेवतो. तो चिरला आणि तुकडे माझ्या हातात आले. मोठा नट कपलिंगला सिंकशी आवळून धरतो, तो हलत नाही. मुलानं पाना लावून पाहिलं, दात-ओठ खाऊन पाहिलं. मग प्लंबर आला. त्यानं मुलापेक्षा मोठा पाना लावला आणि मुलाएवढंच केलं. शेवटी म्हणाला की गंजून एकजीव झालंय, आता ओटा फोडायचा आणि सगळं नवं बसवायचं.

मुलाला तेवढंच हवं होतं. म्हणाला, आई, एकटीसाठी ओटा कशाला फोडायचा, आमच्याकडे चल. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणालाय. मी सांगितलं की मला एक नट हवाय, तू मला आख्खं घर बदलायला सांगतोस. तो म्हणाला, तोवर नट मिळाला तर राहा. हसत म्हणाला. मी हसले नाही.

तेव्हापासून चिरलेल्या नटाचे तुकडे रुमालात बांधून दुकानं फिरतेय. सगळीकडे एकच. माप बरोबर आहे म्हणतात, दुकानातल्या कपलिंगवर तुकडे ठेवून बघतात, पण आटा काही धरत नाही. एकानं विचारलं की कुठल्या कंपनीचा आहे. मी म्हटलं, माझ्या नवऱ्यानं लेथवर कातलाय. त्यानं तुकडे परत दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

वाचनालयातून घरदुरुस्तीचं पुस्तक आणलंय. ग्रंथपालबाई म्हणाल्या, कादंबऱ्या संपल्या वाटतं. आकृत्या समजतात. आपल्या सिंकसारखी एकही नाही.

बादली भरते, ओतते. भांडी थांबलेली नाहीत.

तुम्ही मला समजावणार असाल तर थोडक्यात समजावा.

तुमची,
वहिनी


१३ फेब्रुवारी

चि. वहिनीस,
अनेक आशीर्वाद.

थोडक्यात समजावते. पोरगा वाईट नाही. तो बापाला शेवटी दवाखान्यात नेताना उशीर झाला हे धरून बसलाय, आणि आता तुझ्या बाबतीत आधीच येऊन उभा राहतोय. एवढं समजून घे. झालं समजावून.

आता नटाचं. अगं, तुझ्या नवऱ्याबरोबर इतकी वर्षं संसार केलास आणि हे तुला कळलं नाही? तो डावखुरा होता. लहानपणी आईनं त्याचा डावा हात बांधून ठेवून त्याला उजव्यानं जेवायला आणि लिहायला लावलं. तो शिकला, पण राग विसरला नाही. पुढे स्वतःच्या हातानं जे जे केलं ते मुद्दाम उलटं केलं. माझ्या लग्नानंतर आमचे हे पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा न्हाणीघराची कडी त्यानं नुकतीच बसवलेली. हे आत अडकले. बाहेर आम्ही सगळे सांगतोय डावीकडे सरकवा, आत हे सरकवताहेत डावीकडे, आणि हा पठ्ठ्या शांतपणे जेवतोय. विचारलं तर म्हणाला, माझी कडी उजवीकडे उघडते, मला कुणी विचारलंच नाही.

त्यानं आटेही उलटे पाडले असणार. दुकानातला सरळ आट्यांचा नट त्यावर बसायचा कसा? आणि तुमचे ते पानेवाले सोडवतोय समजून आवळत बसले असतील. उलटं फिरवून बघ.

मी बरी आहे. मुलानं दिलेली खोली हवेशीर आहे. चहा वेळेवर हातात येतो. परवा मी आत जाऊन करायला घेतला तर सून म्हणाली, आई, तुम्ही दमता, बसा. बसले. तिचंही काही चुकत नाही. पण तू बसू नकोस. मोठा पाना नसेल तर विकत घे.

तुझी,
नणंद


४ मार्च

ती. वन्सं यांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी ओट्याखाली शिरले. पाना मोठाच आणलाय, तुमच्या भाच्यापेक्षा आणि प्लंबरपेक्षाही मोठा. पुस्तकात सोडवण्याची जी दिशा दिलीय तिच्याविरुद्ध जोर लावला. आधी काहीच नाही. मग एक किरकिर झाली आणि नट असा सुटला की मी मागे भिंतीवर आदळले.

आतलं पितळ अजून गुळगुळीत होतं. मी फरशीवरच बसून राहिले. खरं सांगू का, मला रडू नाही आलं, राग आला. मरायच्या आदल्या आठवड्यात माणूस मला दुधाचा रतीब कमी कर म्हणून सांगतो, गच्चीची किल्ली कुठे आहे ते सांगतो, आणि हे सांगत नाही. मी त्यांना तिथंच बसून चार शब्द सुनावले. ऐकायला ते नाहीत हे माहीत असूनही सुनावले. मग उठले, कारण दुकान बंद व्हायची वेळ झाली होती.

सिंकचं भोक नेहमीच्याच मापाचं निघालं. साधं, बाजारातलं, सरळ आट्यांचं कपलिंग आणलं आणि वायसर लावून मीच बसवलं. त्यांचं पितळ काढताना हात अडखळला हे कबूल. पण नवा उलटा नट कातून घेऊन तेच परत बसवलं असतं तर पुढच्या गळतीला मी पुन्हा त्यांच्यावरच अवलंबून राहिले असते. आता पुढचं काहीही मला कोपऱ्यावर मिळेल.

काल रविवारी मुलगा आला. टेम्पो आणि दोऱ्या, खोकी, सगळं घेऊन. ओट्याखाली वाकला, तळाशी हात फिरवला, हात कोरडा निघाला. बादली भरून सिंकमध्ये ओतली. दुसरी ओतली. मग विचारलं, कुणी केलं. मी सांगितलं. त्यानं पितळ हातात घेऊन आटे बोटानं चाचपले. मग म्हणाला, आई, आज नट झाला, उद्या तुला वाकता आलं नाही तर? बरोबर प्रश्न आहे, त्याची टिंगल नाही करायची मला. मी म्हटलं, तेव्हा मी तुला बोलावीन. बोलावलं की ये. न्यायला म्हणून येऊ नकोस.

टेम्पोवाला खाली भोंगा वाजवत होता. मुलगा खिडकीतून म्हणाला, खोकी वर आणू नका. मग आत येऊन जेवला, आणि मी त्याचं ताट त्यालाच घासायला लावलं.

लोभ आहेच, तो मागायला नको. उत्तर मात्र लवकर लिहा.

तुमची,
वहिनी