उघड्या दाराचा पिंजरा

प्रति,
मा. मत्स्य परवाना अधिकारी,
खाडी विभाग.

विषय : शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) पिंजऱ्यात आमिष लावण्यावरील बंदी उठवणेबाबत व माझ्या चुकीबाबत.
संदर्भ : धक्क्यावरील फळ्याला लावलेले आपले बंदीपत्रक.

महोदय,

मी पिंजरा परवाना क्रमांक ४१ चा धारक असून बत्तीस वर्षे शेवंडी धरत आलो. आपल्या पत्रकानुसार धक्क्यालगत भरपूर आमिष लावूनही दोन वर्षांत एकही शेवंड सापडली नाही, सबब शेवंड संपत आल्याचे समजून साऱ्या खाडीत आमिष बंद केले आहे.

२. धक्क्यालगत पिंजरा एकट्या माझाच आहे. मासिक तक्त्यांत मी ‘आमिष : रोज एक टोपली, पकड : निरंक’ असे लिहिले, ते खरे आहे. परंतु पिंजऱ्याचे दार मी तारेने उघडे बांधून ठेवत असे. तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

३. माझ्या पत्नीने तिच्या शेवटच्या हंगामात अंडी धरलेली एक शेवंड, “अहो, पोटुशी आहे ती, जाऊ द्या,” म्हणून नियमाप्रमाणे शेपटीला खाच पाडून सोडली. खाच शिवणाच्या कात्रीची असल्याने जराशी वाकडी आहे. पुढे पत्नी वारली. शेवंड मात्र येत राहिली. ओहोटीला पाणी निवळले की पायरीवरून दिसते. आत शिरते, मासळीची डोकी खाते, जाते. लहानसहानही येतात, एकदा सत्तावीस मोजल्या. म्हणजे शेवंड संपलेली नसून माझ्या आमिषावर पोसली जात आहे. माझ्या हातून स्वयंपाक अजून दोघांचा होतो. उरलेले मी तिथेच टाकत असे, तेही तक्त्यात नाही.

४. माझ्यापायी सर्व पिंजरेवाले हातावर हात ठेवून बसले आहेत. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी झाले. “काय तात्या, जेवलात का?” असे मला विचारणारी माणसे तेवढीच आहेत. खरे कळल्यावर ती विचारणार नाहीत, हे जाणून मी हा अर्ज करीत आहे. मला फार एकटे वाटते, हे कारण नियमात बसत नसल्यास वगळावे.

५. तरी सर्वांवरील बंदी उठवावी व फक्त माझा परवाना रद्द करावा. आमिष बंद झाल्यापासून ती वाकड्या खाचेची आलेली नाही. शेवंडीच्या संख्येबाबत शंका असल्यास मोजणीस माणूस पाठवावा. आधी कळवण्याची गरज नाही. मी घरीच असतो, आणि जेवण दोघांचे असतेच.

आपला चुकलेला व नम्र,
परवाना क्रमांक ४१

दिनांक : बंदीचा बारावा दिवस

सोबत : १) मूळ परवाना. २) चोवीस तक्ते. ३) दार बांधण्याची तार, सोडून आणलेली.